जुना फ्लॅट बघून आलात? आता दुरुस्तीचा क्रम लावा

फ्लॅट बघून आल्यावर मोबाईलमध्ये साठ-सत्तर फोटो असतात, वहीत ‘हॉलच्या कोपऱ्यात ओल’, ‘बाथरूमची चौकट सडलीय’ अशा पंचवीसेक ओळी असतात आणि घरात एकच वाक्य चाललेलं असतं: आधी किचन करून घेऊ. आम्हीही तेच केलं होतं. १९८६ साली बांधलेल्या इमारतीतला ठाण्याचा फ्लॅट, दुसरा मजला, ताबा मे महिन्यात. तीन आठवड्यांत किचन, पुट्टी, रंग, पॅसेजला पीओपी. ऑगस्टमध्ये त्या पीओपीवर पिवळा डाग उमटला आणि गणपतीपर्यंत त्याचा नकाशा झाला. आम्ही पाहणी केली तेव्हा वरच्या घरातली माणसं गावी गेलेली होती. त्यांचं बाथरूम महिनाभर कोरडं, म्हणून आमचं छतही कोरडं. मी त्या छताचा फोटोही काढला होता, ‘ठीक’ असं लिहून.

पुढे सासऱ्यांचा पुण्यातला फ्लॅट दुरुस्त करताना हीच वही वेगळ्या तऱ्हेने भरली. खोल्यांप्रमाणे यादी केली नाही, पाण्यामागे गेले. त्या दोन अनुभवांवर हे लिहितेय. साधारण १९७५ ते १९९५ मधली, आरसीसी खांब-बीमची, सोसायटी असलेली तीन-चार मजली इमारत डोळ्यांसमोर ठेवा. पुण्यातले वाडे किंवा मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) इमारती यांचं गणित निराळं असतं, ते इथे नाही.

पहिलं काम: ओलीचा नकाशा

चौकटीच्या कागदावर फ्लॅटचा ढोबळ आराखडा काढा. त्यावर निळ्या पेनाने प्रत्येक ओल, पोपडा, लोणा (भिंतीवर फुटणारी पांढरी क्षाराची भुकटी) आणि गंजाचा डाग मांडा. उंचीही लिहा, कारण निम्मं निदान उंचीवरूनच होतं.

बेडरूमची भिंत जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच फुगली असेल आणि पलीकडे आपलंच बाथरूम असेल, तर दोष आपल्या बाथरूमचा किंवा भिंतीतल्या पाईपचा. छतावर, बाथरूम-संडासाच्या किंवा त्याला लागून असलेल्या पॅसेजच्या वर डाग असेल तर वरच्या घराचा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून ओघळ उतरलेले दिसले तर पावसाचं पाणी आत येतंय: बाहेरच्या गिलाव्याला भेगा, ग्रिल बसवताना पाडलेली भोकं किंवा आतल्या बाजूला उतार असलेली खिडकीची कड. सर्वांत वरच्या मजल्यावर छताच्या मधोमध डाग असेल तर गच्ची. तळमजल्यावर सगळ्याच भिंती पायथ्याशी पांढऱ्या भुकटीने भरल्या असतील तर जमिनीतली ओल चढतेय, आणि ती पूर्ण थांबवणं सगळ्यांत अवघड.

मग एक प्रश्न: ही ओल मे महिन्यात सुकते का? पावसातच दिसत असेल तर पावसाचं पाणी. बाराही महिने सारखीच असेल तर नळाचं किंवा सांडपाण्याचं. विकणारा माणूस याचं खरं उत्तर देईलच असं नाही. समोरच्या शेजारीण काकू मात्र हमखास देतात. पाहणीला गेलात तेव्हा वरच्या घरात कुणी राहत होतं का, हेही त्यांनाच विचारा.

एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल, एखाद्या कोपऱ्यातच वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल लावलेलं असेल, तर तिथे बोटाने टकटक करून बघा. पोकळ वाजलं की निळी खूण.

वरच्या बाथरूमवर संशय असेल तर वरच्यांना विनंती करून नहाणीचं तोंड बंद करायचं आणि चोवीस तास दोनेक इंच पाणी साठवून ठेवायचं. पाण्यात थोडा खायचा रंग घातला की वाद राहत नाही. साठवलेल्या पाण्याने ओल वाढली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. साठवूनही काही झालं नाही, पण पाणी सोडल्यावर ओघळ आला, तर दोष नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे नहाणीच्या तोंडाखालच्या वाकड्या भांड्याच्या, किंवा खालच्या पाईपच्या जोडाचा. या दोन निष्कर्षांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून चाचणीआधी कोटेशन मागवूच नका.

दुसरं: खर्च कोणाचा?

आता यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. सो म्हणजे सोसायटी, व म्हणजे वरचे शेजारी, आ म्हणजे आपण. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी, सामाईक पाईपची गळती आणि इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते सचिवांकडून वाचायला घ्या, तोंडी ऐकू नका.

‘सो’ आणि ‘व’ची कामं आपल्या हातात नसतात, म्हणून पत्रं सर्वांत आधी त्यांची लिहायची. सोसायटीला लेखी अर्ज, सोबत तारीख दिसणारे फोटो, आणि पोच. वरच्या घरी मात्र पहिल्यांदा पत्र घेऊन जाऊ नका. पेढे घेऊन जा, नवीन शेजारी म्हणून ओळख करून घ्या, मग छताचा फोटो दाखवा. आमच्याकडे उलट झालं होतं. आधी सोसायटीकडे तक्रार गेली, वरच्या आजोबांना ते लागलं आणि चार महिने जिना चढता-उतरता कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी दुरुस्ती झाली, ती त्यांच्या सुनेच्या मध्यस्थीने.

तिसरं: इमारतीचा सांगाडा

बीमच्या खालच्या बाजूला लांबीच्या दिशेने सरळ गेलेली भेग, कडेला तांबूस डाग, कुठे काँक्रीटचा खपला पडून उघडी पडलेली सळई हे दिसलं असेल तर रंगाचा विचार बाजूला ठेवा. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वरून सिमेंट थापून तो थांबत नाही, फक्त झाकला जातो. पद्धतशीर काम असं असतं: आधी खाली टेकू, मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, तारेच्या ब्रशने गंज साफ करणं, गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला जोडणारा लेप आणि पॉलिमर मिसळलेला मसाला. सळई फारच झिजली असेल तर शेजारी नवी जोडावी लागते, आणि ते ठरवायला गवंडी नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा मात्र बहुतेक वेळा नुसत्या गिलाव्याच्या असतात. त्यांना घाबरून बयाणा परत मागू नका.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. अहवालात ‘मोठ्या दुरुस्तीची शिफारस’ असेल तर लवकरच प्रत्येक सदस्याकडून वर्गणी निघणार. ती रक्कमही तुमच्याच दुरुस्तीच्या बजेटमध्ये धरा.

याच वेळी सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं चाळा. पुनर्विकासाची, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)ची चर्चा सुरू आहे का? इमारत चार-पाच वर्षांत पडणार असेल तर पाणी थांबवा, वायरिंग सुरक्षित करा, रंग द्या आणि थांबा. तिथे इटालियन संगमरवर बसवणाऱ्या माणसाला मी ओळखते. त्याच्याकडे आता फोटो आहेत.

चौथं: कामांचा क्रम

क्रम लावताना मी एकच कसोटी लावते: हे काम नंतर केलं तर आधी केलेलं काय फुटेल? तिच्यातून उतरलेला क्रम हा. बाहेरून आणि वरून येणारं पाणी, सांगाडा, तोडफोड, पाईप, भिंतीतली वायरिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी आणि टाइल्स, पीओपी, सुतारकाम, रंग, आणि अगदी शेवटी नळ, कमोड, दिवे. रंगाचा शेवटचा हात सुतार गेल्यावरच. नवा गिलावा किमान सात दिवस पाणी मारून मुरवायचा आणि पुट्टीआधी तीन-चार आठवडे वाळू द्यायचा. काँट्रॅक्टर म्हणेल, ‘ताई, पंख्याखाली दोन दिवसांत वाळतं.’ वरून वाळतं, आतून नाही. मग वर्षभरात पोपडे.

बाथरूमवर थोडं थांबते, कारण जुन्या फ्लॅटमधला सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप तिथेच जातो. जुन्या पद्धतीत बाथरूमची स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा खाली घेतलेली असते. त्या खोलगट भागात पाईप टाकून वर विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा भराव घालून फरशी केलेली असते. तीस-चाळीस वर्षांत हा भराव स्पंजसारखा पाणी पिऊन बसतो. वरवरची फरशी बदलून काही होत नाही. मूळ स्लॅब दिसेपर्यंत सगळं काढावं लागतं, ती दोन-चार दिवस उघडी ठेवावी लागते, ट्रॅप आणि पाईप भिंतीतून जातात तिथल्या फटी न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) भराव्या लागतात आणि मग लेप द्यावा लागतो. लेप भिंतींवरही किमान फूटभर चढवायचा, शॉवरच्या बाजूला अंगभर उंच. त्यावर ४८ तास पाणी साठवायचं आणि खालच्या घरात जाऊन स्वतः छत बघायचं. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, त्यानंतर. कोब्यावर पुन्हा एकदा पाणी. दोन चाचण्यांशिवाय टाइलवाल्याला आत पाऊल टाकू देऊ नका.

‘फरशी न फोडता गळती बंद’ अशी जाहिरात करणारे भेटतील. टाइल्सच्या फटींमधूनच पाणी मुरत असेल तर सांधे खरवडून नवं ग्राउट भरल्याने उपयोग होतो, हे मी पाहिलंय. ट्रॅपचा जोड सुटलेला असेल तर वरून कितीही महाग रसायन ओता, पाणी आपली वाट सोडत नाही. म्हणून ती चोवीस तासांची चाचणी.

पाईपबद्दल थोडक्यात. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप आतून गंजून अरुंद होतात. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल किंवा दोन नळ सोडल्यावर तिसरा रडत असेल तर सगळेच बदला, अर्धे नकोत. प्लास्टिकच्या पाईपांपैकी गरम पाण्याला सीपीव्हीसी चालतो, साधा यूपीव्हीसी चालत नाही. भिंत बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायला लावा आणि काटा काही तास हलत नाही ना ते बघा. सांडपाण्याचे उभे बिडाचे पाईप सोसायटीचे असतात. त्यांना हात लावायच्या आधी परवानगी घ्या.

वायरिंगचं निदान मीटरजवळच होतं. किटकॅट (चिनीमातीचा, तार बदलायचा) फ्यूज, लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, दोन भोकांचे सॉकेट दिसले की संपूर्ण वायरिंग नवी करायची. जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर पिळून जोडणं हे आगीला आमंत्रण आहे, तो जोड गरम होत राहतो. सहसा दिव्या-पंख्यांना १.५, साध्या सॉकेटला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक मोठ्या उपकरणाला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). २ किलोवॉटचा गिझर एकटाच ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती छापलाय ते बघा. जुन्या मालकांच्या पंखा-ट्यूबलाइटच्या काळातला असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज आधीच करून ठेवा.

लाकडी चौकटीत वाळवी असेल तर नवी चौकट बसवण्याआधी भिंतीत आणि फरशीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडायला लावा. बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट घ्या आणि विषय संपवा.

पाचवं: मोजमाप आपलं, मग कोटेशन त्यांचं

‘सगळं मिळून इतके’ असं कोटेशन घेऊ नका. मोजमाप स्वतः करा, दर फक्त त्यांचे भरून घ्या. उदाहरण घ्या. बाथरूम ४ बाय ७ फूट, टाइल्स ७ फुटांपर्यंत. चारी भिंतींची लांबी २२ फूट, म्हणजे १५४ चौरस फूट. दरवाजा अडीच बाय साडेसहा, साधारण १६ वजा. राहिले १३८. जमिनीचे २८ मिळवले की १६६, आणि तुटफूट दहा टक्के धरून १८३ चौरस फूट. मला पहिल्या कोटेशनमध्ये २४० लिहून आले होते.

तोडफोडीचा अंदाज लोक हमखास चुकवतात. ४०० चौरस फुटांची जुनी फरशी खालच्या मसाल्यासकट तीन इंच जाडीची काढली की १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. वजन पाच टनांच्या पुढे. फुटल्यावर तो फुगून दीड ब्रास होतो. हा राडारोडा हॉलच्या मधोमध ढीग करून चार दिवस ठेवणारे कामगार मी पाहिलेत. रोजच्या रोज पोत्यांत भरून खाली जायला हवा, आणि तो कोण नेणार, किती फेऱ्या, लिफ्ट वापरायची की जिना, हे दरपत्रकात लिहिलेलं हवं.

जुनी फरशी सपाट असेल, कुठेही पोकळ वाजत नसेल तर तिच्यावरच चिकटवणारा मसाला लावून पातळ टाइल बसवता येते. राडारोडा वाचतो, आवाज वाचतो, फक्त दरवाजे खालून तासावे लागतात. पण जुन्या फरशीवर पुन्हा दोन इंच सिमेंटचा थर टाकून टाइल लावू म्हणणाऱ्याला नकार द्या. ४०० चौरस फुटांवर तो थर सुमारे पावणेचार टन होतो आणि स्लॅब बांधणाऱ्याने हे ओझं धरलेलं नव्हतं. तसंच किचनची भिंत पाडून हॉल मोठा करायचा असेल तर ती भिंत नुसती आडोशाची आहे की वरचं वजन पेलतेय हे इंजिनिअरकडून लिहून घ्या आणि सोसायटी व महापालिकेची परवानगी काढा. बंद केलेली बाल्कनी विकणाऱ्याने परवानगीशिवाय केलीय का, तेही मंजूर नकाशाशी ताडून बघा.

आलेल्या एकूण रकमेवर मी वीस टक्के वेगळे ठेवते. नव्या घराला दहा पुरतात, जुन्या भिंतीत काय निघेल सांगता येत नाही. आमच्या किचनच्या ओट्यामागे चालू असलेला पाण्याचा पाईप निघाला होता, जो कुठल्याच नकाशात नव्हता आणि शेजारच्या घराला जात होता.

पैसे टप्प्यांवर बांधा, तारखांवर नाही. आगाऊ थोडे, मग तोडफोड आणि राडारोडा गेल्यावर, पाईपची दाबचाचणी झाल्यावर, वॉटरप्रूफिंगची दुसरी पाणीचाचणी झाल्यावर, टाइल्स झाल्यावर. निदान पाच-दहा टक्के पहिला पाऊस सरेपर्यंत अडवून ठेवायचे. काँट्रॅक्टर कुरकुरतो, पण आधी कागदावर असेल तर मानतो.

सहावं: दिनदर्शिका

बाहेरची भिंत, गच्ची, खिडक्यांच्या कडा ही कामं दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत. जूनमध्ये ताबा मिळाला असेल तर उलट फायदा करून घ्या: पावसाळाभर ओलीचा नकाशा पक्का करा, आतली बाथरूम आणि वायरिंग उरका, रंगाला ऑक्टोबर उजाडू द्या. गावच्या सणाला, लग्नसराईला आणि शेतीच्या हंगामाला कामगार जातात, ते दिवस आधीच वजा करा. सोसायटीला कामाचा अर्ज, अनामत, कामगारांची ओळखपत्रं, दुपारच्या शांततेची वेळ हे सगळं कामाच्या आदल्या आठवड्यात मिटलेलं हवं, नाहीतर पहिल्याच दिवशी वॉचमन गवंड्याला गेटवर बसवून ठेवतो आणि त्या दिवसाची हजेरी तुमच्या खिशातून जाते.

पाईप आणि वायरी भिंतीत टाकून झाल्या की बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, मोजपट्टी उभी-आडवी धरून, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरं वाचता येतील असा. हे फोटो छापून वीजबिलांच्या फाईलमध्ये ठेवा. आमच्याकडे आरसा लावायला आलेला सुतार ड्रिल हातात घेऊन उभा राहतो आणि आधी ती फाईल मागतो. बाहेरच्या भिंतींना टेकून येणारी कपाटं मात्र पहिल्या वर्षी करू नका. पुण्याच्या घरात आम्ही ती भिंत ऑक्टोबरपर्यंत मोकळी ठेवली, तिथे नुसता दोरीवर कपड्यांचा संसार होता, आणि सप्टेंबरच्या एका पावसात खिडकीच्या वर तळहाताएवढा डाग आलाच. बाहेरून एक भेग भरली, डाग वाळला, मग सुतार बोलावला.